कार्पेटवरचा डाग पुसला, गेला, आणि दोन दिवसांनी परत वर आला? आधी हे बघा

डाग कसा काढायचा हे सांगणारे व्हिडिओ पैशाला पासरी मिळतात, त्यामुळं ते सगळं पहिल्यापासून सांगत बसत नाही. मी कोल्हापुरात घरोघरी जाऊन सोफा, गाद्या, कार्पेट धुवायचं काम करतो आणि आमच्याकडं सगळ्यात जास्त फोन येतात ते डाग पडल्याचे नाही, डाग परत आल्याचे. "अवो, परवा मी स्वतः पुसला, गेलता की सगळा, आज बघतोय तर त्याच जागी हजर आणि पयल्यापेक्षा मोठा!" मग त्यावर परत साबण, परत ब्रश, परत तांब्याभर पाणी, असं होत होत शेवटी तिथली लव विस्कटून जाते आणि डाग आपला तिथंच.

परत येणारा डाग नेमका कशामुळं येतोय ते ओळखल्याशिवाय हात लावू नका, कारण एका कारणाचा इलाज दुसऱ्या कारणाला उलटा पडतो. ओळखायला दोनच गोष्टी बघायच्या, किती दिवसांनी आला आणि कुठल्या रंगाचा आला.

रात्रीत परत आला तर

संध्याकाळी पुसला तेव्हा साफ दिसत होता आणि सकाळी वाळल्यावर तोच रंग परत दिसाय लागला, तर डाग गेलेलाच नव्हता, खाली दडून बसला होता. कार्पेट म्हणजे नुसती वरची लव नसते, लवेखाली जाळीदार कापड असतं, त्याला रबरासारखा चिकट थर, त्याच्याखाली अजून एक कापड आणि कुणाकुणाकडं त्याखाली फोम. कपभर चहा सांडला की त्यातला थोडाच लवेवर थांबतो, बाकीचा सरळ खाली. आपण पुसतो ती लव. मग वरची लव आधी वाळते आणि समईची वात तेल ओढते तसं ते धागे खालचं पाणी वर ओढतात, पाण्याबरोबर रंग पण येतो, पाणी उडून जातं आणि रंग नेमका टोकाला राहतो.

अशा वेळी साबण अजिबात लावायचा नाही. डागावर कोमट साधं पाणी स्प्रेनं मारायचं, ओतायचं नाही, म्हणजे खालचा रंग सैल होतो, आणि लगेच जाड पांढरा टर्किश टॉवेल चार घड्या करून त्यावर ठेवायचा. टॉवेलवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीवर वजन, पाटा म्हणा, तांदळाचा डबा म्हणा, जुन्या जाडजूड डायऱ्या म्हणा, काहीही. पिशवी मधे पाहिजेच, नाहीतर लोखंडी वस्तूचा गंज टॉवेलातनं खाली उतरतो आणि मग गंजाचा डाग काढायला मला फोन. रात्रभर ठेवायचं. रंग वर यायचाच आहे ना, मग तो लवेच्या टोकाला न थांबता टॉवेलात येऊ दे. सकाळी टॉवेल उलटा करून बघा, बाहेरून साफ दिसणाऱ्या कार्पेटातनं काय काय निघतं ते दिसेल. गरज पडली तर दुसऱ्या रात्री कोरडा टॉवेल घेऊन परत तेच. टॉवेल पांढराच घ्या, रंगीत टॉवेलचा रंग उतरला तर ते नवीन लफडं.

पंधरा-वीस दिवसांनी काळपट झाला तर

हा डाग नाही, ही घाण. पुसताना लावलेला साबण आत राहिला की तो चिकट होऊन बसतो आणि चालताना पायाची धूळ बरोब्बर तिथंच धरतो. आपल्याला वाटतं जुनाच चहाचा डाग परत आला, पण रंग बघा, चहासारखा तपकिरी नसून मळकट काळा असतो. खात्री करायची असली तर कोमट पाण्यानं ओलं करून दोन बोटांनी चोळून बघा, बुळबुळीत लागलं किंवा फेस आला की समजायचं. इथं परत साबण लावणं म्हणजे आगीत तेल. नुसत्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं दाबून टिपायचं, फडकं पिळायचं, परत टिपायचं, फेस यायचा बंद होईपर्यंत. शेवटच्या पाण्यात लिटरला अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर टाकला तर साबण लवकर सुटतो. वास येतो, पण वाळला की जातो.

आणि कपड्याची वॉशिंग पावडर कार्पेटला वापरायची सवय असेल तर सोडाच. कपडे आपण तीन पाण्यातनं काढतो, कार्पेट कुठल्या पाण्यातनं काढणार? शिवाय त्या पावडरीत कपडे पांढरे चमकावेत म्हणून जे घातलेलं असतं ते कार्पेटला लागून राहतं आणि ट्यूबलाइटखाली तेवढाच ठिपका वेगळा दिसतो. भांडी घासायचं लिक्विड चालतं, पण मगभर पाण्याला चहाचा एक छोटा चमचा, त्याच्यावर नाही.

डागापेक्षा मोठं पिवळट-तपकिरी वर्तुळ आलं तर

सांडलं होतं वाटीएवढं आणि वाळल्यावर ताटाएवढा तपकिरी गोल, असं झालं तर कार्पेटची पाठ बघा. मागं गोणपाटासारखा ताग असेल तर हा रंग तागाचाच आहे. ताग जास्त वेळ ओला राहिला की त्याचा तपकिरी रंग पाण्यातनं वर येतो, साबण-सोडा लावला असेल तर अजून जास्त, म्हणजे नुसतं पाणी सांडलं तरी हे होतं. यावर सोडा, साबण काही नको. लिंबूसत्व चहाचा एक चमचा अर्धा लिटर पाण्यात विरघळवायचं किंवा व्हिनेगरचं वर सांगितलेलं पाणी घ्यायचं, हलकं स्प्रे करायचं, टिपायचं आणि फॅन लावून पटकन वाळवायचं. पटकन हा शब्द महत्त्वाचा आहे, परत सावकाश वाळलं तर परत तेच वर्तुळ.

डाग दिसत नाही पण पावसात वास येतो तर

बाळाची किंवा कुत्र्या-मांजराची शू. मे महिन्यात काही वास नाही आणि जूनला पहिला पाऊस झाला की हॉलमध्ये बसवत नाही. शू वाळल्यावर पाण्यात सहज न विरघळणारे खडे आत राहतात, साबणाला ते दाद देत नाहीत, हवेत दमटपणा आला की परत वास सोडतात. याला एन्झाइमवाला क्लीनर लागतो, पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो, आणि तो वरवर फवारून उपयोग नाही, शू जेवढी खाली गेली असेल तेवढा खाली गेला पाहिजे, बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ ओला राहिला पाहिजे. आधी फिनेल, डेटॉल, ब्लीच मारून ठेवलं असेल तर ते पाण्यानं काढून टाका, नाहीतर एन्झाइम काम करत नाही. नेमकी जागा सापडत नसेल तर अंधार करून नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारा, शूची जागा पिवळट-हिरवी चमकते. साबण पण चमकतो बरं का, त्यामुळं चमकलेल्या प्रत्येक ठिपक्यासाठी मांजराला शिव्या नकोत.

आता तांबडा रस्सा

कोल्हापुरात राहून याच्यापासून सुटका नाही आणि याची वेळ पण अशी वाईट असते की विचारू नका. आखाडात टेंबलाईची यात्रा, नव्या पाण्याची मिरवणूक, मग घरोघरी मटणाची जेवणं, आणि श्रावणाच्या तोंडावर तर रोज कुणाकडं ना कुणाकडं ताट. म्हणजे रस्सा सांडायचा मोसम आणि काही वाळत नाही तो मोसम एकच. म्हणून परत आलेल्या डागांत रस्सा एक नंबरला.

रश्शाचा तांबडा रंग मिरचीचा, आणि तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. कट बघा की, वर तरंगणारं तेल तांबडंभडक आणि खालचं पाणी फिकट. त्यामुळं सांडल्यावर तांब्याभर पाणी ओतणं हे सगळ्यात वाईट, पाणी तेलाला पसरवतं आणि खाली ढकलतं.

पहिलं काम चमच्यानं उचलायचं, बाहेरून आत, कडेकडून मधे. मग पांढरं जुनं फडकं, बनेल, धोतराचा तुकडा, काय असेल ते दाबून धरायचं. वर्तमानपत्र नको, शाई लागते. घासायचं तर नाहीच, घासलं की लव पिळवटते आणि नंतर रंग गेला तरी ती जागा खरबरीत दिसतेच. तेल बऱ्यापैकी टिपून झालं की वर कॉर्नफ्लॉवर नाहीतर टाल्कम पावडर जाडसर टाकून वीस मिनिटं सोडायची, तेल त्यात येतं, मग व्हॅक्यूम नाहीतर कोरडा ब्रश. बेसन टाकायला सांगतात काहीजण, टाकू नका, त्याचाच पिवळा रंग राहतो आणि ओल लागली की आंबतं. हे सगळं कोरडं काम संपायच्या आधी पाण्याचा थेंब नाही.

त्यानंतर भांड्याच्या लिक्विडचं कोमट पाणी, फडकं बुडवून पिळून घ्यायचं आणि डागावर दाबायचं, फडक्याची जागा बदलत राहायची, कारण एकाच जागेनं दाबलं की उचललेला रंग आपणच परत ठेवतो. मग साध्या पाण्याचं फडकं, साबण निघेपर्यंत. इथपर्यंत ताजा डाग बहुतेक जातो आणि नारिंगी सावली राहते.

त्या सावलीला मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट. कापसावर घेऊन टिपायचं, कार्पेटवर ओतायचं नाही, कारण स्पिरिट खाली गेलं तर मागचा चिकट थर मऊ पडतो आणि कार्पेट पापुद्र्यासारखं सुटतं. आधी सोफ्याखालच्या कोपऱ्यात लावून बघायचं की कार्पेटचाच रंग तर उतरत नाही. देवघरात दिवा चालू नसावा, गॅस बंद, खिडक्या उघड्या. हँड सॅनिटायझरचं जेल त्याऐवजी लावू नका, त्यातला चिकटपणा मागं राहतो आणि मग वरचं ते काळपट घाणीचं प्रकरण सुरू.

एवढं करून जी पुसट सावली उरते ती ऊन खातं. मिरचीचा रंग उन्हात टिकत नाही, वर्षभराची चटणी आपण डब्यात अंधारात ठेवतो त्याचं एक कारण हेच. कार्पेट गच्चीवर नेता येत असेल तर डागापुरतं उघडं ठेवून बाकीच्यावर चादर टाका, नाहीतर अख्ख्या कार्पेटचा रंग उडेल. आखाडात ऊन कुठलं म्हणाल तर बरोबर आहे, मग थांबा, दिवाळीच्या आसपास कडक ऊन पडतं तेव्हा करा, सावलीला घाई नसते. डागाला असते. मिसळीच्या कटाला, लोणच्याच्या तेलाला, कांदा-लसूण चटणीला हीच सगळी पद्धत.

पांढऱ्या रश्शाकडं मात्र कुणी लक्ष देत नाही, कारण दिसत नाही ना. नारळाचं दूध, मटणाचं पाणी, खसखस, तूप-तेल, हे सगळं कार्पेटात गेलं की दोन दिवसांनी आंबूस वास, मुंग्या, आणि नंतर चिकट काळा ठिपका. दूध सांडलं तरी हेच. इथं गरम पाणी नको, गरम पाण्यानं त्यातलं प्रथिन धाग्यावर घट्ट बसतं. आधी थंड पाण्यानं टिपा, मग लिक्विडचं अगदी कोमट पाणी तुपासाठी, मग परत साधं. रक्ताला पण थंडच पाणी.

हळद तांबडी झाली म्हणून घाबरू नका

हळदीच्या डागाला साबण लावला आणि तो लालभडक झाला म्हणून रडकुंडीला आलेल्या वहिनींचे फोन मला येतात. हळदीला चुना लावला की तांबडी होते हे सगळ्यांना माहितीये, साबणात, सोड्यात तोच गुण असतो. डाग वाढलेला नाही, रंग बदललाय. साध्या पाण्यानं साबण काढा, व्हिनेगरचं पाणी मारा, परत पिवळा होईल. मग स्पिरिटनं टिपा, हळदीचा रंग पाण्यापेक्षा स्पिरिटमध्ये चांगला सुटतो. आणि राहिलेल्याला ऊन, हळद उन्हाला मिरचीपेक्षाही लवकर हार मानते. साड्यांवरचे हळदीचे डाग आपल्या आज्या उन्हात टाकून घालवायच्या, तेच हे.

कुंकू आणि गुलाल आधी कोरडेच काढायचे, हे लिहून ठेवा भिंतीवर. जोतिबाच्या चैत्र यात्रेवरून माणसं गुलालात न्हाऊन येतात आणि तशीच सोफ्यावर, कार्पेटवर बसतात. पावडर आहे तोपर्यंत व्हॅक्यूमनं किंवा कार्पेट उलटं करून झटकून जवळजवळ सगळा गुलाल निघतो. ओलं फडकं लावलं की संपलं, रंग विरघळून धाग्यात शिरतो. रंगपंचमीच्या दिवशी तर कार्पेट गुंडाळून माळ्यावर टाका, इलाज वगैरे काही शोधूच नका.

चहा, पान आणि कोल्हापुरी चप्पल

तिन्ही एकत्र का, तर तिन्हींत तपकिरी रंग देणारी तुरट जात एकच. पायताण कमावताना बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, पावसात चप्पल भिजली की तो तपकिरी रस सुटतो आणि भिजलेली चप्पल दारातल्या गालिच्यावर काढून ठेवली की तळव्याचा छाप उमटतो. २०१९ ला या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ती पावसात घालायची नसते हे मानांकनात लिहायचं राहिलं बहुतेक. पानाच्या पिंकेत कात असतो, तोही तुरटच.

या जातीला सोडा, अमोनिया, वॉशिंग पावडर लावली की रंग गडद होतो आणि पक्का बसतो. आंबट पाहिजे. व्हिनेगर एक भाग, पाणी दोन भाग, फडक्यानं टिपत राहायचं, मग साधं पाणी. दुधाचा चहा असेल तर सुरुवात थंड पाण्यानं आणि लिक्विडच्या थेंबानं, दुधासाठी. तरी राहिलं आणि कार्पेट फिकट रंगाचं, प्लास्टिक धाग्याचं असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये मिळणारी बाटली बहुतेक २० व्हॉल्यूमची, म्हणजे साधारण ६ टक्क्यांची असते, तेवढंच पाणी घालून ३ टक्के करायची. कोपऱ्यात लावून बघायची, मग डागावर हलकी मारून अर्धा तास, मग टिपायची. पाणी घातलेली उरली तर ओतून द्या, बाटलीत परत भरू नका. गडद रंगाच्या आणि लोकरीच्या कार्पेटला घरी हा प्रयोग करू नका.

बाकीचे डाग पटापटा सांगतो. बॉलपेन: स्पिरिट, कापसावर, कापूस बदलत. गूळ, काकवी, उसाचा रस: कोमट पाणी, बाकी काही लागत नाही, पण अर्धवट काढलात तर मुंग्या तुम्हाला सांगायला येतील. मेणबत्तीचं मेण: पिशवीतला बर्फ ठेवून कडक करा, खरवडा, राहिलेल्यावर पांढरा कागद ठेवून अगदी कमी तापलेली इस्त्री क्षणभर, कारण प्लास्टिक धागा वितळला की कार्पेटला भोकच. कपाटाच्या, ट्रंकेच्या पायाचा गंज: लिंबूसत्वाचं पाणी, ब्लीच कधीच नाही, ब्लीचनं गंज अजून पक्का होतो. नेलपॉलिश: वाळू द्या, खरवडा, मग रिमूव्हर कानातल्या काडीवर घेऊन, बाटलीनं नाही.

तुमचं कार्पेट आहे तरी कशाचं

हे आधी सांगायला पाहिजे होतं असं कुणी म्हणेल, पण डाग पडल्यावरच लोक विचारतात. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारातनं घेतलेलं मशिनचं स्वस्त कार्पेट बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचं, म्हणजे प्लास्टिक धाग्याचं असतं. कडेचा एक धागा कापून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्याच्या ग्लासात बुडवा, तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर दुसरं काहीतरी. बुडाला तर धागा चिमट्यात धरून बाल्कनीत काडी लावा, केस जळल्याचा वास आला आणि राख बोटानं चुरली तर लोकर, वितळून कडक गोळी झाली तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. भदोही-मिर्झापूरकडचा हातानं विणलेला लोकरीचा गालिचा असेल तर सोडा, अमोनिया, ब्लीच आणि एन्झाइमवाली पावडर या चौघांना घरात शिरू देऊ नका. ब्लीच लोकर अक्षरशः खातं, विरघळवतं. अशा गालिच्याला शूसाठी एन्झाइम क्लीनर घेताना पण बाटलीवर लोकरीला चालतं असं लिहिलंय का बघा. सुती सतरंजी, जाजम असेल तर एवढा विचारच करू नका, रंग उतरत नाही एवढं तपासून सरळ धुवून टाका.

आणि तो सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा उद्योग. फसफसतं म्हणून काम करतंय असं वाटतं, पण आंबट आणि खारट एकमेकांना मारतात, फसफसतो तो नुसता वायू, मागं उरतं खारट पाणी. वेगवेगळे वापरले तर दोघंही कामाचे. ब्लीचमध्ये मात्र व्हिनेगर, अमोनिया, टॉयलेट क्लीनर यातलं काहीही, कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो, आणि शूतही अमोनिया तयार होतो, त्यामुळं शूच्या जागी ब्लीच मारणं त्याच प्रकारातलं आहे. पेरॉक्साइड आणि व्हिनेगर पण एका बाटलीत नको.

वाळवायचं कसं, आपल्याकडं

आत्तापर्यंतचं सगळं बरोबर केलं आणि वाळवायला चुकलात तर डाग परत येणारच. रंकाळ्याकडं, पंचगंगेच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीच ओल्या असतात, तिथं ओलं कार्पेट फरशीला चिकटवून ठेवलं की एक-दोन दिवसांत बुरशी धरते. कडा उचलून खाली दोन विटा किंवा पाट घालायचा म्हणजे हवा खालून पण जाते, टेबल फॅन जमिनीवर ठेवून आडवा मारायचा, छताचा फॅन वरची लव वाळवतो आणि खालचं तसंच राहतं, म्हणजे परत वात वर ओढायला मोकळी. दमट दिवशी बाहेरची हवा घरात घेऊन काही वाळत नाही, एसी असेल तर खिडक्या बंद करून एसी लावा. वाळलंय का बघताना वरनं हात फिरवू नका, कार्पेट उचलून पाठीला हात लावा, गार लागली तर अजून ओलं आहे. पूर्ण वाळेपर्यंत त्यावर सोफा सरकवायचा नाही, पायाचा गंज आणि पॉलिश दोन्ही उतरतं.

पुराचं पाणी शिरलेलं कार्पेट हा वेगळा विषय. २०१९ आणि २०२१ ला खूप लोकांनी ते वाळवून परत वापरायचा हट्ट केला. त्या पाण्यात गटारीचं पाणी असतं, फोमवालं कार्पेट असेल तर टाकून द्या, त्यात जीव अडकवू नका.

धुवायला माणूस बोलवायचाच असेल तर आम्हालाच बोलवा असं नाही, कुणालाही बोलवा, पण फोनवर दोन प्रश्न विचारा. पाणी मारून परत ओढून घेणारं मशिन आहे का, आणि शेवटी साध्या पाण्याचा हात देता का. नुसता फेस करून ब्रश फिरवून "उद्या वाळेल बघा" म्हणणारा आला तर पंधरा दिवसांनी काळे ठिपके ठरलेले. आणि डाग कशाचा, त्यावर आधी काय काय लावलंय ते खरं सांगा. लोक लाजून ब्लीच मारलेलं सांगत नाहीत आणि मग त्यावर आमचं केमिकल पडलं की रंग भलताच फिरतो.

काही डाग जात नाहीत हे पण सांगून टाकतो. लोकर आणि नायलॉनवर मेंदी पडून रात्र गेली तर ती हातावर बसते तशीच धाग्यावर बसते, हाताची कातडी तरी बदलते. ब्लीचनं उडालेला रंग हा डागच नाही, तिथं रंग उरलेलाच नाही, त्यामुळं काढायला काही नाही. अशा ठिकाणी छोटा ठिपका असेल तर सोफ्याखालच्या, कुणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यातनं तेवढाच तुकडा धारदार कटरनं पाठीकडून कापा, डागाचा तुकडा पण पाठीकडून तेवढाच कापा, लव एकाच दिशेला येईल असं बसवा आणि मागून कार्पेटची चिकटपट्टी लावा. लवेची दिशा उलटी झाली तर रंग एकच असून तुकडा वेगळा दिसतो, म्हणून चिकटवायच्या आधी खिडकीच्या उजेडात एकदा फिरवून बघा.